परात आली की मी बाहेर

वामनभाऊ, तुम्ही मला फसवलं.

हे मी आधीच लिहून टाकतो. तुमच्या तेरवीला जो उठला तो गोड बोलला, आणि गोड बोलणं आपल्या दोघांना कधी जमलं नाही. फसवलं म्हणजे व्यवहारात नाही. व्यवहारात तुम्ही मला फसवू शकला नसता, मी फसू दिलं नसतं. तुम्ही मला शब्द दिला होता. चिन्नोर जातीचं नवं धान मिलमध्ये येईल त्या दिवशी सगळ्यांसमोर एक गोष्ट बोलायची, असा शब्द. शेतात धान आता कुठे निसवून राहिलं आहे, आणि तुम्ही निघून गेलात. ती गोष्ट फक्त आपल्या दोघांना माहीत होती. आता मला एकट्याला माहीत आहे, आणि माझ्या एकट्याच्या तोंडावर लाखनीत कुणी विश्वास ठेवत नाही.

तेरवीला मांडवात भाषणं झाली. तुम्हाला आवडली नसती. तुम्ही मागच्या रांगेत बसून माझ्या कानात काहीतरी वाईट बोलला असता. शाळेतले ते म्हातारे गुरुजी म्हणाले, "वामनभाऊंच्या राइस मिलमध्ये जात कधी फाटकाच्या आत आली नाही." आणि साऱ्या माना माझ्याकडे वळल्या. भाऊ, मी तुमचा पुरावा होतो. बौद्धाचा पोरगा मिलिंद, एकोडीला धानाच्या रोवण्यात चिखल तुडवलेला, आणि तुमच्या मिलचा मॅनेजर. आणखी काय दाखवायचं लोकांना? माइक माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "भाऊ माझ्या मोठ्या भावासारखे होते," आणि बसलो. खोटं बोललो नाही. पण अर्धंच बोललो. उरलेलं अर्धं इथे लिहितो.

आपली भेट भांडणानेच झाली. गोंदिया नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, सगळ्या मिलवाल्यांचं डोकं फिरलेलं होतं, कोण कुठल्या बाजूचा व्यापारी राहील याचीच चर्चा. मी आमच्या गावच्या लोकांचं धान ट्रॅक्टरवर लादून तुमच्या फाटकात आणलं होतं. माझं स्वतःचं त्यात एक पोतंही नव्हतं. मी फक्त बोलायला आलो होतो, कारण गावात सगळ्यांत मोठं तोंड माझं. तुम्ही पोत्यात परखी खुपसून दाणे काढले, तळहातावर घासले, फुंकर मारली आणि म्हणालात, "ओलं आहे."

मी तुमच्या हातातलाच एक दाणा उचलला, तुमच्या कानाजवळ तोंड नेलं आणि दातांनी तोडला. कट्ट असा आवाज झाला.

"आयकू आलं?"

"काय?"

"ओला दाणा चपटा होते, शेठ. आवाज नाही करत. हा बोलून राहिला."

तुम्ही आधी रागावलात. मग दुसरा दाणा स्वतः तोडून पाहिला. मग तिसरा, दुसऱ्या पोत्यातला. मग इतके हसलात की काट्यावरचे हमाल थांबून बघायला लागले. "अबे, तू तिकडच्या बाजूनं बोलून राहिला, इकडच्या बाजूनं काहून नाही बोलत?" असं म्हणालात. पुढच्या हंगामात मी इकडच्या बाजूने बोलत होतो. आणि पहिल्याच दिवशी तुम्ही बजावलं, "शेठ नोको म्हणू. भाऊ म्हण."

तुम्ही काय दिलंत ते मी विसरलेलो नाही. तुमच्या शेजारची खुर्ची दिली, चाव्या दिल्या. मी भडकलो, पोत्याला लाथ मारली, दलालाच्या अंगावर धावून गेलो, तेव्हा सगळे म्हणाले याला काढा, आणि तुम्ही म्हणालात, "तो ओरडते म्हणून आपलं धान कोरडं येते." माझे वडील गेले तेव्हा तुम्ही चपला काढून आमच्या अंगणात बसलात, सगळं आटपेपर्यंत उठला नाहीत. बुद्धपौर्णिमेला दरवर्षी आमच्याकडे यायचात. माझ्या मायने वाढलेली खीर मागून घ्यायचात, आणि वाटी पुढे करताना म्हणायचात, "माय, या मिल्याले कमी वाढा, याचं तोंड आधीच लय चालते." माय पदरात तोंड लपवून हसायची. हे सगळं खरं आहे. यातलं एक अक्षर मी मागे घेत नाही.

म्हणूनच ती परात मला सहन झाली नाही.

ज्यांनी आपली मिल पाहिली नाही त्यांच्यासाठी लिहितो. बाहेरगावची पार्टी तांदूळ घ्यायला आली की नुसते कच्चे दाणे दाखवून आपण भाव करत नव्हतो. ही तुमच्या वडिलांपासूनची रीत. तुम्ही स्वतः केबिनमध्ये शेगडीवर त्या मालाचा भात टाकायचे. त्या वेळी तुम्ही मिलमालक वाटायचे नाहीत, आचारी वाटायचे. झाकण काढून वास घ्यायचे, एक शीत बोटांत दाबायचे. मग भंडाऱ्याची ती जुनी पितळी परात, आतून कल्हई केलेली, टेबलाच्या मधोमध यायची आणि तुम्ही भात तिच्यात पसरायचे. मीठ नाही, वरण नाही. सगळे एकाच परातीत हात घालून खायचे, कुणी काही बोलायचं नाही. मग तुम्ही म्हणायचे, "बोला." आणि हाताला भात चिकटलेला असतानाच भाव ठरायचा. हात धुतला की बोलणी संपली, हा नियम. रायपूरच्या पार्टीपासून नागपूरच्या दलालापर्यंत सगळे तो पाळायचे. ज्याचा हात परातीत नाही, त्याला भावात तोंड नाही.

आणि माझा हात परातीत कधी नव्हता.

मला हे किती उशिरा कळलं याचीच मला चीड येते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते, तसा एक मंडईचा दिवस होता. सगळे हमाल मंडईला गेले होते, मिल बंद होती, यार्ड रिकामं. पार्टी न सांगता आली. तुम्ही भात टाकला. हिशोब लिहिणारे दिवाणजी होते, तुमचा मुलगा प्रशांत नुकताच कॉलेज संपवून मिलमध्ये यायला लागला होता, तोही होता. आपण सगळे गप्पा मारत होतो, मीही. परात टेबलावर आली आणि तुम्ही म्हणालात, "मिलिंद, यार्डात पाहून ये जरा."

मी गेलो. यार्डात एक शेळी कोंड्याच्या ढिगावर उभी होती. ट्रक नाही, माणूस नाही, पोतं नाही. मी तिथे उभा राहिलो आणि स्वतःला विचारलं, मी काय पाहायला आलो आहे?

मग मागचं सगळं एकदम आठवायला लागलं. ट्रक लागला का पाह्य. फोन वाजून राहिला वाटते. ताडपत्री बांधली का? मोटरचा आवाज कसा येऊन राहिला, जा बरं. दर वेळी काम वेगळं, दर वेळी खरं वाटेल असं, आणि दर वेळी परात टेबलावर ठेवताठेवताच. चहा यायचा तेव्हा काही काम निघायचं नाही. चहाला मी चालायचो.

मला ते लगेच जातीचं वाटलं नाही, भाऊ. आधी वाटलं, तुम्ही माझ्या तोंडाला घाबरता. मोठ्या पार्टीसमोर हा भडकला तर? म्हणून मी अख्खा हंगाम केबिनमध्ये तोंड शिवून बसलो. दिवाणजींनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? परात आली, आणि तुम्ही मला गेटचं कुलूप बघायला पाठवलं. दुसरीकडे प्रशांत त्याच हंगामात दोन दलालांशी भांडला, एकाला तर शिवी दिली, आणि त्याचा हात परातीतच राहिला. तेव्हा मात्र मला दुसरं काही सुचेना. मी पुष्कळ शोधलं. दुसरं कारण मिळालं असतं तर मी ते आनंदाने घेतलं असतं.

आसगावच्या बाजूला धान बघायला गेलो होतो, परतताना जीपमध्ये मी विषय काढला. तुम्ही चालवत होता.

"भाऊ, एक विचारू?"

"भाव सोडून काही बी विचार."

"परात आली का तुमी मले बाहेर काहून पाठवता?"

"कोण पाठवते?"

"तुमी."

तुम्ही हसलात. "अबे, काम राह्यते म्हणून पाठवतो. मॅनेजर आहेस ना तू? का मी जाऊ ट्रक पाहाले?"

"चहाच्या टायमाले काम नाही राहात?"

जीप हळू झाली. "तुले म्हणायचं काय आहे?"

"तुमाले समजलं."

"मी तुझ्या घरी जेवलो आहे, मिल्या. तुझ्या मायच्या हातचं. सगळ्या गावासमोर."

"माझ्या गावासमोर जेवले. तुमच्या पार्टीसमोर नाही."

"मी जात पाहातो? मी? इतकी वर्षं मी..." तुमचा आवाज फाटला. तुम्ही जीप थांबवली. "उतर."

"उतरतो."

"उतर खाली!"

"उतरलो ना! जा!"

तुम्ही गेलात. मी रस्त्याच्या कडेला उन्हात उभा. दोन्ही बाजूंना धान, सावलीला एक झाड नाही. मनात तुम्हाला इतक्या शिव्या दिल्या की त्या संपल्या आणि मी परत पहिल्यापासून सुरू केल्या. बऱ्याच वेळाने जीप उलटी आली. तुम्ही काच खाली केली आणि कागदात बांधलेली गरम भजी माझ्यासमोर धरलीत. माझ्याकडे बघत नव्हतात.

"खा."

"इथी काम नाही निघालं वाटते मले पाठवाले?" मी म्हणालो.

तुम्हाला हसायचं नव्हतं, पण हसू आलं. मलाही. आपण बोनेटवर कागद ठेवून दोघांनी भजी खाल्ली, एकाच कागदातून. बोलणं तिथेच राहिलं. पुढे कितीतरी दिवस तुम्ही अधूनमधून, काही कारण नसताना, म्हणायचे, "मी जात पाहात नाही, मिल्या." आणि मी म्हणायचो, "मी कुठी म्हटलं तुमी पाहाता? पाहत असते तर तुमाले दिसलं असतं." तुम्हाला ते समजायचं नाही. मलाही नीट सांगता यायचं नाही. मी सौदा करणारा माणूस, मला समोरच्याची चलाखी दिसते. तुमच्यात चलाखी नव्हती. चलाखी असती तर मी तिथल्या तिथे तुमचा हिशोब केला असता. तुमच्या मनात ते नव्हतंच. ते तुमच्या जिभेत होतं, आणि जीभ तुम्हाला न विचारता बोलत होती. अशा माणसाशी भांडायचं कसं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात मी सौदा मांडला. मला तेवढंच येतं.

मी म्हणालो, "रायपूरची पार्टी येऊन राहिली. मी तुमच्या उजव्या हाताले बसतो. परात येईल. तुमी मले नाही पाठवलं, तर तुमच्या पाया पडतो, आणि ही गोष्ट पुन्हा मरेपर्यंत काढत नाही. पाठवलं, तर सगळ्यांसमोर तुमी म्हणायचं, का मी याले दरवेळी बाहेर पाठवत होतो, आणि काहून."

"सोपा सौदा आहे," तुम्ही म्हणालात. "तू हरला, मिल्या."

तुम्ही सकाळपासून खुशीत होता. पार्टीचे म्हातारे शेठजी आले, मी उजव्या हाताला बसलो, तुम्ही माझ्याकडे बघून डोळा मारलात. भात टाकला. आपल्या दोघांचंही लक्ष त्या भांड्यावर. तुम्ही परात ठेवलीत, भात पसरलात, वाफ तुमच्या चष्म्यावर चढली. शेठजींनी बाही वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. आणि तुमचा हात भातात असताना तुम्ही म्हणालात, "मिलिंद, काटा बंद केला का पाह्य बरं."

माझं मन कुठे होतं माहीत नाही. मी उठलोसुद्धा. दारापर्यंत गेलो. तुमच्या जिभेला जशी सवय लागली होती तशी माझ्या पायांना लागली होती. दारात मला सौदा आठवला आणि मी मागे वळलो.

तुम्ही माझ्याकडे बघत होता. सौदा हरलेले चेहरे मी आयुष्यभर पाहिले आहेत, त्यातूनच मी पोट भरलं. पण तो चेहरा हरल्याचा नव्हता. आपल्याच घरात परका माणूस उभा दिसावा, तसे तुम्ही दिसत होतात. हात तसाच भातात. शेठजी म्हणाले, "क्या हुआ भाई, ठंडा हो रहा है." तो चेहरा बघून सौदा तिथल्या तिथे वसूल करणं माझ्या जिवावर आलं. मी बाहेर गेलो आणि काट्याजवळ उभा राहिलो. काटा बंदच होता.

संध्याकाळी पार्टी गेल्यावर तुम्ही मला शोधत गोदामात आलात. पोत्यांच्या थप्पीवर बसलात, इतक्या हळू की मला वाटलं तुमची पाठ धरली.

"मी बोललो ते मलेच आयकू आलं," तुम्ही म्हणालात. "पह्यल्यांदा."

"याच्या आधी नाही आलं?"

"नाही ना बे. आईची शपथ." मग, "कोणाले घाबरतो मी? त्या म्हाताऱ्यानं तर काही म्हटलंही नाही."

"तो कायले म्हणन? तुमी त्याच्यावर म्हणायची पाळीच येऊ देत नाही. त्याच्या आधी तुमीच मले उठवता."

तुम्ही चष्मा काढून शर्टाने पुसत बसलात. पुसून झाला तरी पुसत होता. "म्हणजे एवढ्या वर्षांत," तुम्ही म्हणालात आणि चष्मा परत चढवलात. मग म्हणालात, "तुले तवा कसं वाटे?"

भाऊ, इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला इतका राग आला की मी उत्तरच दिलं नाही. तेच उत्तर मी आज देतो. मला वाटायचं, माझं पोट भरलेलं आहे असं सांगून कुणी मला ताटावरून उठवतं आहे. आणि उठवणारा तो, ज्याच्यासाठी मी जीव दिला असता. भुकेचा प्रश्न नव्हता, परातीतल्या त्या अळणी घासाला काय चव? पण मिलचा एकेक दाणा मी दाताने तोडून आत आणला, आणि तो शिजला की मी बाहेर.

"प्रशांत आत बसला आहे," मी तेव्हा म्हणालो. "दिवाणजी आहे. चला, म्हणा त्याईच्यासमोर. सौदा झाला होता."

"आज नाही जमत, मिल्या." तुम्ही माझा हात धरलात. "नवा चिन्नोर आला का. पह्यल्या परातीवर. प्रशांतसमोर, दिवाणजीसमोर, जी पार्टी असन तिच्यासमोर. मी म्हणीन, आणि मग पह्यला घास तुझा. थोडा टाइम दे."

मी उधारीवर कधी विश्वास ठेवला नाही. आणि तुम्हाला वेळ दिला. तुमचा चेहरा बघून दिला.

पुढे तुम्ही आजारी पडलात. नागपूरच्या दवाखान्यात मी तुम्हाला भेटलो तेव्हा तुम्ही मिलमधल्या, धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या पट्ट्याबद्दल बोललात. पट्टा बदलून घे, हंगामात तुटन. माझा हात तुमच्या हातात होता. मी त्या दिवशी आठवण करून द्यायला हवी होती का? प्रशांत पलंगाच्या पायथ्याशीच उभा होता. एक वाक्य पुरलं असतं. पण ठरलेल्या दिवसाआधी तगादा लावायचा नाही, हा माझा नियम, आणि तुमच्या हाताला सुया टोचलेल्या होत्या. तुम्ही डोळे मिटलेत. मी म्हणालो, "पट्टा बदलतो." आपलं शेवटचं बोलणं ते. एका पट्ट्याबद्दल.

आता तेरवीचं ऐका.

भाषणं झाल्यावर पंगती बसल्या. सगळे नातेवाईक, व्यापारी, रायपूरचे ते शेठजीसुद्धा. मी पहिल्या पंगतीत बसलो होतो, वहिनींनी स्वतः हाताला धरून बसवलं. वाढपी भाताची परात घेऊन आमच्या रांगेला लागला. आणि मागून प्रशांत आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, किती मायेने ठेवला, आणि म्हणाला, "काका, गाड्या फार अडकल्यात बाहेर, जरा बघता का?"

तुमचाच आवाज, भाऊ. तेच "जरा". मी मान वर करून पाहिलं तर त्याचे डोळे रडून सुजलेले. त्याच्या मनात काही नव्हतं. जसं तुमच्या मनात नव्हतं. मिल तुम्ही त्याला दिली, शेगडी दिली, परात दिली, आणि ही गोष्टसुद्धा देऊन गेलात, न सांगता, कारण ती तुमच्याजवळ आहे हे तुम्हालाच उन्हाळ्यापर्यंत माहीत नव्हतं. आणि जेव्हा कळलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे वेळ मागितला.

मी उठलो नाही. मी म्हणालो, "मी जेवून राहिलो, प्रशांत." आवाज चढला असेल. माझा चढतो. आजूबाजूचे थांबले. वहिनी बघायला लागल्या. मी तुमच्या बायकोला तुमच्या तेरवीला रडवलं, हे आता सगळा गाव सांगतो आहे.

दोन-चार दिवसांनी मी प्रशांतला केबिनमध्ये सगळं सांगितलं. मंडईचा दिवस, आसगावची जीप, सौदा, गोदाम, शब्द. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा बंद होत गेला. "काका," तो म्हणाला, "बाबांनी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त जवळ केलं. ते आता उत्तर द्यायला नाहीत, आणि तुम्ही हे बोलून राहिले? तुम्हाला काय पाहिजे ते सरळ सांगा ना."

काय पाहिजे! सगळ्यांना वाटतं मी भाव करतो आहे. मिलमध्ये हिस्सा मागतो आहे, मालक गेल्याचं बघून. घरी सुनंदा म्हणाली, "तुमीच सगळ्याईले शिकवलं ना, का मिलिंद बोलला म्हणजे त्याच्या मागं काहीतरी मतलब असते. आता कोण मानन?" बायको आहे, खरंच बोलते. माझं आयुष्यभराचं कसब आज माझ्याच विरोधात साक्ष देतं. एकच माणूस होता ज्याच्या तोंडातून निघालं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं. तो माणूस वैनगंगेत वाहून गेला, राख होऊन, आणि मी तिथे गुडघाभर पाण्यात उभा होतो.

रोज सकाळी मी मिलमध्ये जातो. केबिनच्या दारातून तुमची खुर्ची दिसते. मी अजून तुमच्याशी भांडतो, मनात, आणि दर वेळी जिंकतो, कारण तुम्ही बोलत नाही. असं जिंकून काय करू? भाऊ, तुम्ही एकदा परत या, उलटी जीप घेऊन, काच खाली करा, आणि ते एक वाक्य बोला. मग पुन्हा जा. मी अडवणार नाही. भजीसुद्धा नको.

पण तुम्ही येणार नाही. मग मी दुसऱ्यांना विचारतो, आणि नाव घेऊन विचारतो.

दिवाणजी, तुम्ही दर वेळी त्या टेबलाशी होता. मी उठून जायचो तेव्हा तुमची नजर परातीत असायची. तुम्हाला दिसत होतं की नाही? एवढंच सांगा. रायपूरचे शेठजी, तुम्ही कधी मला उठवा म्हणाला नाहीत हे मी सांगितलं. पण मी बसलो असतो तर तुम्ही परातीत हात घातला असता का? तुम्हालाही माहीत नसेल. मग बसून पाहा.

आणि प्रशांत, तू. नवा चिन्नोर महिना-दीड महिन्यात कापणीला येईल. तू शेगडी पेटवशील, तुझ्या बाबांची परात टेबलावर ठेवशील. मी तुझ्या उजव्या हाताला बसलेला असेन. ट्रक लागो, फोन वाजो, मोटर जळो, मी उठणार नाही. मला हिस्सा नको. मला ते वाक्य पाहिजे जे तुझ्या बाबांनी मला देतो म्हटलं होतं. मिल तू घेतलीस, तर त्यांचा शब्दही तुझाच. सगळ्यांचे हात भातात असतील. कुणी धुवायचा नाही. बोल.